अको नावाचं छोटं जपानी संस्थान आणि तिथे आलेली-गेलेली चार घराणी

सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराई योद्ध्यांची, गोष्ट बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. धन्याला मरावं लागलं, नोकरांनी पावणेदोन वर्षं वाट बघितली आणि ऐन थंडीत पहाटे जाऊन सूड घेतला, एवढी ती ढोबळमानाने. पण हे लोक ज्या संस्थानाचे नोकर होते ते अको नेमकं होतं काय, केवढं होतं, तिथे आधी कोण नांदत होतं आणि नंतर कोण आलं हे सहसा कुणी सांगत नाही, आणि खरं सांगू का, ते कळल्याशिवाय ती गोष्टसुद्धा नीट कळत नाही असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज फक्त अकोबद्दल लिहितोय. जपानचा इतिहास अजिबात वाचला नसेल तरी चालेल, लागेल तेवढं मधेमधे सांगतो.

आधी जागा बघू. ओसाकाच्या पश्चिमेला सेतो नावाचा आतला समुद्र आहे, जमिनीने आणि बेटांनी वेढलेला, त्यामुळे लाटा कमी आणि पाऊसही जपानच्या मानाने कमीच. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर जुन्या हारिमा प्रांताच्या पश्चिम टोकाला चिकुसा नदी समुद्राला मिळते, आणि तिने आणून टाकलेल्या गाळावर अको वसलंय. आज हा भाग ह्योगो प्रांतात येतो. नदीचं तोंड, उथळ किनारा, पसरलेली वाळू आणि भरती-ओहोटी, या चार गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता व्यवस्था. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, तोकुगावा इएयासू जिंकला, १६०३ मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, झाला आणि १८६८ पर्यंत त्याच्याच घराण्याची सत्ता चालली, ती एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून. बाकी देश अडीचशेच्या वर सरदारांमध्ये वाटलेला, त्यांना दाइम्यो म्हणायचे. कुणाची जहागीर केवढी हे जमिनीच्या मापात नाही तर तांदळात मोजायचे. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर, वजनात दीडशे किलोच्या आसपास तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा असा त्यांचा ढोबळ हिशोब. दहा हजार कोकू किंवा जास्त असेल तर तो दाइम्यो, कमी असेल तर नाही.

इथे बरेच जण एक चूक करतात. "पन्नास हजार कोकूचा सरदार" म्हटलं की वाटतं एवढा तांदूळ त्याच्या कोठारात येत असेल. तसं नाही. तो आकडा त्या जमिनीवर होणाऱ्या एकूण पिकाचा सरकारी अंदाज आहे. त्यातला साधारण चाळीस ते पन्नास टक्के भाग सरदाराला करात मिळायचा, आणि त्यातूनच सगळ्या नोकरांचा तनखा, किल्ल्याची डागडुजी, घरचा खर्च, आणि वर एदोच्या वाऱ्या. या वाऱ्या म्हणजे १६३५ पासून सक्तीचा झालेला नियम, सरदाराने एक वर्ष आपल्या गावी आणि एक वर्ष एदोला राहायचं, बायको आणि वारस कायम एदोलाच. म्हणजे दोन दोन संसार, आणि ये-जा करताना इभ्रतीला शोभेल एवढा लवाजमा घेऊन शेकडो किलोमीटरचा प्रवास. मोठ्या संस्थानालाही जड जायचं हे, छोट्याचं काय होत असेल विचार करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जहागीर त्या सरदाराच्या मालकीची नव्हती. आज या शब्दाची सवय झालीय म्हणून आपण "अको हान" म्हणतो, हान म्हणजे संस्थान, पण हान हा शब्द सरकारी कागदात आला तो पार मेइजी काळात, १८६८ नंतर. शोगुनच्या लेखी तो एक सरदार आणि त्याला दिलेली जमीन, बस्स. त्यामुळे शोगुन त्याची बदली करू शकायचा, अगदी सरकारी नोकराची करतात तशी, फक्त इथे सरदारासोबत त्याचे शेकडो नोकर, त्यांच्या बायका-पोरं, भांडीकुंडी, सगळंच गाव सोडून निघायचं. किंवा वारस नसला, वेडाचा झटका आला, गुन्हा घडला, तर सरळ जहागीर खालसा. शेतकरी, कोळी, मीठ काढणारे, दुकानदार मात्र तिथेच. अकोत हे सगळं घडलं, बदली, खालसा, वेड, गुन्हा, सगळं. म्हणूनच ही व्यवस्था समजून घ्यायला अकोइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

पहिलं घराणं इकेदा. सेकिगाहारानंतर इकेदा तेरुमासाला हारिमा प्रांत मिळाला, तब्बल ५,२०,००० कोकू, राजधानी हिमेजी. आज हिमेजीचा जो पांढराशुभ्र किल्ला फोटोत दिसतो तो याच्याच काळातला. त्याची बायको इएयासूची मुलगी होती, त्यामुळे वजन होतंच. तेरुमासा १६१३ मध्ये वारला आणि मुलांमध्ये वाटण्या झाल्या, तेव्हा १६१५ मध्ये मासात्सुना नावाच्या मुलाच्या वाट्याला अको आलं, ३५,००० कोकू. म्हणजे अको हे संस्थान जन्मालाच आलं एका मोठ्या घरच्या वाटणीतून.

पण त्या काळातली जी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते ती इकेदांची नाही, पाण्याची आहे. गाळावर वसलेलं गाव, शेजारी समुद्र, विहीर खणली की पाणी खारट. पिण्याच्या पाण्याशिवाय किल्लाही नाही आणि बाजारपेठही नाही. तेव्हा तारुमी हानझाएमोन नावाच्या कारभाऱ्याने १६१४ मध्ये काम काढलं, चिकुसा नदीचं गोडं पाणी सुमारे सात किलोमीटर वरून आणायचं. वाटेत डोंगर आडवा आला तिथे खडकातून बोगदा खणला, पुढे उघडा पाट, आणि गावाच्या तोंडाशी आल्यावर पाणी जमिनीखाली घातलं, भाजलेल्या मातीच्या नळांमधून, रस्त्याखालून. १६१६ मध्ये काम पुरं झालं. बरं, हे पाणी फक्त किल्ल्यात आणि सामुराईंच्या वाड्यांत जायचं असं नाही, बाजारपेठेतल्या साध्या लोकांच्या घरोघरीसुद्धा पोचायचं, घरातल्या छोट्या हौदात यायचं आणि तिथून बादलीने काढायचं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, एवढ्याशा गावात. एदो आणि फुकुयामा यांच्या जोडीने अकोची ही पाणीव्यवस्था जुन्या जपानच्या तीन मोठ्या पाणीव्यवस्थांमध्ये धरतात.

मासात्सुना १६३१ मध्ये मूल-बाळ नसताना गेला. नियमाने जहागीर जायची, कारण त्या काळी मरणाच्या दारात घेतलेला दत्तक सरकार मान्य करत नसे, हा नियम सैल झाला तो १६५१ मध्ये. पण इएयासूचा नातू होता ना, त्यामुळे त्याचा भाऊ तेरुओकी याला शेजारच्या हिराफुकूहून आणून अकोत बसवलं. त्याने चौदा वर्षं कारभार केला, आणि मग १६४५ मध्ये एक दिवस त्याचं डोकं फिरलं आणि त्याने स्वतःच्या बायकोला आणि तिच्या दासींना कापून काढलं. जहागीर खालसा, आणि तेरुओकीला ओकायामाच्या इकेदा भाऊबंदांकडे नजरकैदेत ठेवलं. संपलं. इकेदांचं अकोतलं राज्य तीस वर्षांचं.

त्याच वर्षी पूर्वेकडच्या कासामाहून आसानो नागानाओची इथे बदली झाली, ५३,५०० कोकूवर. आसानो घराण्याची मोठी पाती हिरोशिमाला, ती चार लाखांच्या वर कोकूवाली, आणि ही धाकटी पाती. हा नागानाओ माणूस कर्तबगार. त्याने दोन मोठी कामं केली, एक किल्ला आणि दुसरं मीठ, आणि माझ्या मते किल्ल्यापेक्षा मीठच शेवटी जास्त कामाला आलं.

किल्ल्याचं काम १६४८ मध्ये सुरू झालं आणि १६६१ मध्ये पुरं झालं, तेरा वर्षं. डोंगरावर नाही, समुद्राला लागून सपाटीवर बांधलेला किल्ला, आराखडा कोंदो मासाझुमी या युद्धशास्त्र जाणणाऱ्या नोकराचा. मध्ये यामागा सोको या त्या काळच्या नामांकित पंडितालाही नागानाओने नोकरीत घेतलं होतं, तो १६५३ मध्ये अकोला येऊन गेला आणि बाहेरच्या तटाच्या आखणीत त्याने बदल सुचवले. (हाच सोको पुढे सरकारमान्य मतांविरुद्ध पुस्तक लिहिलं म्हणून १६६६ मध्ये शिक्षा होऊन परत अकोलाच आला, नजरकैदेत, आणि १६७५ पर्यंत राहिला. जुन्या मालकाकडेच कैदी म्हणून राहायचं, पण नागानाओने त्याला मानाने ठेवलं.) किल्ल्यात बुरूज, दरवाजे सगळं झालं, फक्त मधला उंच मनोरा, जो जपानी किल्ल्याची ओळख असतो, तो कधीच झाला नाही. त्याचा दगडी चौथरा तेवढा बांधला आणि तो तसाच राहिला, आजही रिकामाच उभा आहे. पन्नास हजार कोकूवाल्याने एवढा किल्ला बांधला हेच खूप झालं.

आता मीठ. इथे जरा थांबून सांगतो कारण पद्धत समजली की अकोचं सगळं अर्थकारण समजतं. आपल्याकडे मिठागरात समुद्राचं पाणी वाफ्यात घ्यायचं आणि उन्हाने आटवून सरळ मिठाचे खडे काढायचे. जपानमध्ये ते जमत नाही, हवा दमट, पाऊस कधीही, पाणी पूर्ण आटतच नाही. म्हणून ते दोन टप्प्यांत काम करायचे. उथळ किनाऱ्यावर बांध घालायचा आणि आतल्या जमिनीची पातळी अशी ठेवायची की ती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आणि ओहोटीच्या पाण्यापेक्षा वर असेल. भरतीला बांधाची झडप उघडली की पाणी आपोआप आतल्या चरांमध्ये शिरतं, उपसायला माणूस लागत नाही. चरातलं पाणी जमिनीत झिरपतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वाळूतून वर चढतं. वर ऊन. पाणी उडून जातं आणि मीठ वाळूच्या कणाकणाला चिकटून बसतं. मग कामगार, त्यांना हामाको म्हणायचे, भर उन्हात दाताळं ओढत ती वाळू खालीवर करायचे, जेवढी हलवाल तेवढी लवकर सुकते. सुकलेली वाळू गोळा करून आगरातच बांधलेल्या गाळणीच्या खड्ड्यात भरायची, वरून समुद्राचंच पाणी ओतायचं, वाळूचं मीठ त्यात उतरतं आणि खालून जाड, कडक खारं पाणी निघतं. ते भट्टीवरच्या मोठ्या कढईत आटवलं की मीठ. जळण आधी लाकडाचं, पुढे दगडी कोळशाचं. उरलेली वाळू परत आगरात पसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

एवढं सगळं फक्त तिथेच होतं जिथे भरती-ओहोटीत चांगला फरक आहे, वाळू बारीक आहे आणि पाऊस कमी आहे. अकोला तिन्ही होतं. नागानाओने नदीच्या पूर्वेला मोठी मिठागरं उभी केली, पुढे पश्चिमेलाही वाढत गेली. पूर्वेकडचं जाडंभरडं, किंचित कडवट मीठ एदोच्या बाजारात जायचं आणि पश्चिमेकडचं चांगलं पांढरं मीठ ओसाकाकडे. ही पद्धत पुढे सेतो समुद्राच्या काठाकाठाने दुसऱ्या संस्थानांतही पसरली. आणि मुख्य मुद्दा असा की कोकूच्या आकड्यात तांदूळ मोजला जातो, मीठ नाही. म्हणजे कागदावर अको पन्नास हजाराचं असलं तरी हातात येणारा पैसा त्याहून जास्त होता.

पैसा फिरायला लागला तसं १६८० मध्ये संस्थानाने स्वतःच्या नोटा काढल्या. लांबट जाड कागदाच्या, चांदीच्या भावात, संस्थानाच्या हद्दीत चालणाऱ्या. म्हणजे लोकांनी चांदी संस्थानाकडे द्यायची आणि नोट घ्यायची. नोटेची किंमत काय, तर आसानोंचा शब्द. हे पण लक्षात ठेवा.

नागानाओ १६७२ मध्ये गेला, त्याचा मुलगा नागातोमो पण लवकर गेला, आणि १६७५ मध्ये नऊ वर्षांचा नागानोरी गादीवर आला. धाकट्या भाऊबंदांना वाटे दिल्यामुळे आता ५०,००० कोकू उरले होते. नागानोरीला मूल नव्हतं, त्याने धाकटा भाऊ दाइगाकू यालाच वारस म्हणून दत्तक घेतलं. मुख्य कारभारी होता ओइशी कुरानोसुके, १,५०० कोकूचा तनखा, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कारभारीपद.

आता एक प्रसंग जो सत्तेचाळीस रोनिनांच्या गोष्टीत बहुतेक वेळा गाळलाच जातो, आणि मला तो फार बोलका वाटतो. पश्चिमेकडच्या बिच्चू प्रांतात मात्सुयामा नावाचं ५०,००० कोकूचंच संस्थान होतं, मिझुनोया घराण्याचं. १६९३ मध्ये तिथला सरदार निपुत्रिक वारला, घेतलेला दत्तकही लगेच वारला, जहागीर खालसा झाली. किल्ला ताब्यात घ्यायचं काम शोगुनने कुणाला दिलं, तर आसानो नागानोरीला. १६९४ मध्ये ओइशी सैन्य घेऊन तिथे गेला, किल्ला शांतपणे ताब्यात घेतला आणि पुढे दीड-एक वर्ष नवा सरदार येईपर्यंत तिथेच सांभाळत राहिला. समोर उद्ध्वस्त झालेले मिझुनोयांचे नोकर, घरं सोडणारी कुटुंबं, हे सगळं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सात वर्षांनी तेच त्याच्या दारात आलं.

१७०१, जुन्या जपानी पंचांगाचा तिसरा महिना, १४ तारीख, आपल्या कॅलेंडरने २१ एप्रिल. क्योतोहून सम्राटाचे दूत एदोला आले होते आणि त्यांच्या सरबराईचं काम त्या वर्षी नागानोरीकडे. दरबारी रीतिरिवाज सांगणारा अधिकारी किरा योशिनाका. एदोच्या किल्ल्यात, पाइन वृक्षांच्या चित्रांच्या लांब ओसरीत, नागानोरीने छोटी तलवार उपसून किरावर वार केला. किरा जखमी झाला पण वाचला. कारण काय यावर तीनशे वर्षं लोक बोलतायत, नागानोरी फक्त जुन्या रागाबद्दल काहीतरी ओरडला एवढीच नोंद. शोगुन त्सुनायोशी भयंकर चिडला, दूतांच्या स्वागताच्या दिवशी, किल्ल्याच्या आत, तलवार! त्याच दिवशी संध्याकाळी नागानोरीला सेप्पुकू करावं लागलं, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरावं लागलं, किराला काहीच शिक्षा नाही, आणि अको खालसा.

ही बातमी अकोला कशी पोचली ते सांगतो. एदो ते अको सुमारे ६२० किलोमीटर. हायामी तोझाएमोन आणि कायानो सानपेई हे दोघे डाक-पालखीतून निघाले. ही आपल्या डोळ्यांसमोर येते तशी संथ पालखी नव्हे. भोई पळत असतात, ठाण्याठाण्याला बदलतात, रात्रंदिवस थांबत नाहीत, आणि आतला माणूस पोटाला कापडाचे घट्ट वेढे देऊन, वर छताला बांधलेल्या दोरीला लोंबकळून बसलेला, हाडं खिळखिळी होईपर्यंत. साडेचार दिवसांत ते अकोला पोचले, १९ तारखेच्या पहाटे. पायी आरामात गेलं तर पंधरा दिवसांच्या वर लागायचे. आणि त्यांनी आणलेली बातमी अर्धीच, धन्याने वार केला एवढी. धनी मेला ही बातमी त्याच रात्री मागून आलेल्या दुसऱ्या जोडीने आणली.

दुसऱ्या दिवसापासून काय झालं असेल? तलवारी, शपथा हे सगळं नंतर. आधी लोक धावले ते नोटा बदलायला. कारण खालसा संस्थानाची नोट म्हणजे कागद. गावातले, शेजारच्या मुलखातले व्यापारी नोटांचे गठ्ठे घेऊन दारात, आणि तिजोरीत सगळ्यांना पुरेल एवढी चांदी नाही. ओइशीने ठरवलं की शंभराला साठ या भावाने सगळ्या नोटा परत घ्यायच्या. कमी वाटतं का? पण अशा वेळी सगळंच बुडणं लोकांनी गृहीत धरलेलं असतं, त्यामानाने साठ टक्के म्हणजे मोठीच गोष्ट. आणि त्याने हे पहिल्यांदा केलं, सामुराईंना शेवटचे पैसे वाटायच्या आधी. ओइशीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो सूडाच्या त्या एदोतल्या रात्रीपेक्षा या निर्णयामुळे जास्त आहे, कारण यात रोजच्या भाकरीची गोष्ट होती, मीठ काढणाऱ्याची, दुकानदाराची.

मग किल्ल्यात बैठका. तीनशेच्या आसपास नोकर. काहींचं म्हणणं लढायचं, काहींचं सगळ्यांनी धन्यामागे मरायचं, काहींनी सामान बांधायला घेतलं, आणि ओनो कुरोबेई नावाचा दुसरा मोठा कारभारी तर रातोरात निघून गेला. शेवटी ओइशीने किल्ला शांतपणे सोपवायचं ठरवलं. चौथ्या महिन्याच्या १९ तारखेला शेजारच्या तात्सुनोचा सरदार वाकिसाका आणि आशिमोरीचा किनोशिता यांनी येऊन ताबा घेतला, शस्त्रं, कागदपत्रं, सगळं यादीप्रमाणे. बरोबर तसंच जसं ओइशीने स्वतः मात्सुयामाला घेतलं होतं.

आता सूडाबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. पण एक वही सांगितल्याशिवाय राहवत नाही. उरलेल्या पैशांचा हिशोब ओइशीने लिहून ठेवला होता आणि तो आज उपलब्ध आहे. सुमारे ६९० र्‍यो सोन्याची नाणी जमा. खर्च कशाकशाला, तर धन्याच्या नावाने पूजाअर्चा, दाइगाकूच्या नावाने घराणं परत उभं करायला केलेले अर्ज-विनंत्या, लोकांचा एदो-क्योतो प्रवास, एदोतली भाडी, हातातोंडाशी गाठ पडत नाही अशा साथीदारांना मदत. वही वाचली की समजतं की पहिलं वर्षभर ओइशीची धडपड सूड घ्यायची नव्हतीच, संस्थान परत मिळवायची होती. १७०२ च्या सातव्या महिन्यात दाइगाकूला हिरोशिमाच्या आसानोंकडे नजरकैदेत पाठवलं आणि तो रस्ता बंद झाला, त्यानंतरच सूडाचं पक्कं झालं. शेवटी खर्च जमेपेक्षा सात-एक र्‍योंनी जास्त झाला तो ओइशीने स्वतःच्या खिशातून भरला. बाराव्या महिन्याच्या १४ तारखेच्या रात्री, म्हणजे आपल्या ३१ जानेवारी १७०३ च्या पहाटे, किराच्या वाड्यावर हल्ला झाला, किरा मारला गेला, आणि २० मार्च १७०३ ला सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस जणांनी सेप्पुकू केलं. दाइगाकूला १७१० मध्ये ५०० कोकू देऊन शोगुनच्या थेट नोकरीत घेतलं. घराणं राहिलं, पण अको परत मिळालं नाही.

गोष्ट सांगणारे इथे थांबतात. अको मात्र थांबलं नाही, आगरं कुणाची वाट बघत नाहीत, भरती रोज येतेच.

१७०२ मध्येच, म्हणजे हल्ल्याच्याही आधी, अकोला नवा सरदार आला होता, नागाई नाओहिरो, ३३,००० कोकू. या नावामागे एक जुनी जखम आहे. १६८० मध्ये शोगुन इएत्सुनाच्या अंत्यविधींच्या वेळी एदोच्या झोजोजी देवळात नाइतो तादाकात्सू नावाच्या सरदाराने एका सरदाराला भोसकून मारलं होतं. हा नाइतो म्हणजे आसानो नागानोरीचा सख्खा मामा, आणि मारला गेला तो याच नागाई घराण्यातला. मामाने ज्या घरातला माणूस मारला त्याच घरातल्या माणसाला भाच्याचं संस्थान मिळालं. नागाई चार वर्षं राहिला आणि १७०६ मध्ये इइयामाला बदलून गेला.

मग आले मोरी, आणि ते शेवटपर्यंत राहिले, १६५ वर्षं. योगायोग म्हणजे पहिल्या मोरी सरदाराचं नावही नागानाओच. हे घराणं एकेकाळचं फार मोठं. तोकुगावांच्या आधीचा बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याच्यासोबत १५८२ मध्ये होन्नोजी देवळात मेलेला तरुण रानमारू तो याच घरातला, आणि त्याच्या धाकट्या भावाला १६०३ मध्ये त्सुयामाची १,८६,५०० कोकूची जहागीर मिळाली होती. शोगुन त्सुनायोशीने प्राण्यांना, विशेषतः कुत्र्यांना मारू नये म्हणून कडक हुकूम काढले होते, आणि एदोजवळ नाकानोला भटक्या कुत्र्यांसाठी प्रचंड मोठे गोठे बांधायचं काम १६९५ मध्ये याच मोरींच्या गळ्यात पडलं, सगळा खर्च स्वतःचा. त्यानंतर १६९७ मध्ये तरुण सरदार निपुत्रिक गेला आणि नवा वारस एदोला जाताना वाटेतच वेडा झाला. त्सुयामा खालसा. पण आजोबा मोरी नागात्सुगू अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अजून हयात होते, म्हणून त्यांच्याकडे बघून २०,००० कोकू ठेवले, बिच्चूतल्या निशिएबाराला. तिथून १७०६ मध्ये हे लोक अकोला आले.

आता गणित मांडा. किल्ला ५३,५०० कोकूवाल्याने बांधलेला, आणि राहायला आलेत २०,००० कोकूवाले. तेवढीच तटबंदी, तेवढेच खंदक, तेवढीच छपरं, डागडुजी मात्र निम्म्याहून कमी उत्पन्नात. एदोच्या वाऱ्या आहेतच. व्यापाऱ्यांची कर्जं चढत गेली. संस्थानाला तारलं ते परत मिठानेच, पश्चिमेकडची आगरं याच काळात वाढली. अशा ओढाताणीतही १७७७ मध्ये त्यांनी हाकुबुनकान नावाची संस्थानी शाळा काढली, हे मला विशेष वाटतं.

पैशाची चणचण, वरच्या आणि खालच्या सामुराईंमधली दरी, आणि वर परदेशी जहाजं आल्यावर देशभर पेटलेलं वातावरण, याचा स्फोट जुन्या पंचांगाने १८६२ च्या शेवटी झाला. बाराव्या महिन्याच्या ९ तारखेला रात्री खालच्या दर्जाच्या तेरा तरुण सामुराईंनी मुख्य कारभारी मोरी चिकारा आणि पंडित-अधिकारी मुराकामी शिनसुके या दोघांचा खून केला. त्यांना वाटत होतं हे दोघे सुधारणांच्या आड येतात. नंतर संस्थानातल्या सत्तेचं पारडं जसं फिरेल तसा निकाल फिरत राहिला, कधी मारणारे देशभक्त, कधी मुराकामींचं घर निर्दोष. मुराकामीच्या मुलांना काही तो सल विसरता आला नाही. १८७१ च्या सुरुवातीला संस्थानाने उरलेल्या मारेकऱ्यांना कोया डोंगरावर मोरी घराण्याच्या समाधींची राखण करायला पाठवलं, आणि मुराकामीच्या मुलांनी व त्यांच्या सोबत्यांनी वाटेत दबा धरून त्यांना गाठलं आणि मारलं. ज्या अकोच्या सूडाचं देशाने दीडशेच्या वर वर्षं कौतुक केलं, त्याच अकोतून निघालेला हा दुसरा सूड. त्याच वर्षी उन्हाळ्यात सगळीच संस्थानं रद्द झाली, अकोही गेलं, आणि १८७३ मध्ये नव्या सरकारने सूड घेणं हाच गुन्हा ठरवला.

किल्ल्यातल्या इमारती मेइजी काळात पाडल्या, तट आणि तो रिकामा चौथरा राहिला, काही बुरूज-दरवाजे विसाव्या शतकात परत बांधले. मातीच्या नळांची ती पाणीव्यवस्था तर विसाव्या शतकातही वापरात होती. दर वर्षी १४ डिसेंबरला अकोत रोनिनांची मोठी मिरवणूक निघते. किल्ल्याच्या आवारात १९१२ मध्ये ओइशीच्या नावाने देऊळ झालं, तिथे ओइशी आणि त्याचे साथीदार आहेत, आसानोंच्या तिन्ही पिढ्या आहेत, आणि त्यांच्याच शेजारी मोरींचे पूर्वज आहेत, रानमारूसकट. इकेदा आणि नागाई तिथे नाहीत.